डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत कोणता मुक्त एडिटर ठेवावा?

प्रश्न : अधिव्याख्याता, संगणक विभाग, पुणे

नमस्कार. मी पुण्यातील एका पॉलिटेक्निकमध्ये संगणक विभागात शिकवते. येत्या सेमिस्टरपासून प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांवर कोणता टेक्स्ट एडिटर ठेवायचा, हे ठरवण्याचे काम विभागाने माझ्याकडे दिले आहे, आणि निर्णय घेण्यापूर्वी ही साधने रोज हाताळणाऱ्यांचे मत घ्यावे असे मला वाटते.

अगदी अलीकडेपर्यंत आमच्याकडे सी भाषेची प्रॅक्टिकल्स डॉसबॉक्सच्या (जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) आत टर्बो सी++ चालवून होत असत. तो सोळा बिटांचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, १९९० च्या दशकाच्या आरंभीचा. त्यात इंट हा पूर्णांकाचा प्रकार दोन बाइट्सचा असल्याने ३२,७६७ च्या पुढे गेलेली बेरीज ऋण होऊन बाहेर पडायची, आणि जर्नलमधील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम कोनिओ या हेडर फाइलने आणि पडदा पुसण्याच्या आज्ञेने सुरू व्हायचा. आता सर्व यंत्रांवर एक्सएफसीई डेस्कटॉपसह डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि जीसीसी हा मुक्त कंपायलर आहे. हा बदल झाल्यावर माझ्या लक्षात आले की एडिटर, कंपायलर आणि तयार झालेला प्रोग्राम या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत, हेच विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते. कळ दाबली की उत्तर येते, एवढीच त्यांची समज होती. यात त्यांचा दोष नाही. ते साधनच तसे बांधलेले होते.

सध्या ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे ती मुले घरी व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर वापरतात आणि प्रयोगशाळेतही तोच मागतात. आमच्या यंत्रांना ४ जीबी रॅम आहे. त्यावर व्हीएस कोड, त्याची एक्स्टेन्शन्स (वरून जोडायच्या सोयी) आणि शेजारी ब्राउझर एवढे उघडले की टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायलाही वेळ लागतो. शिवाय प्रॅक्टिकल परीक्षेच्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे लागते, त्यामुळे जोडणीवाचून अडून बसणारे साधन आम्हाला चालणार नाही. एडिटर मुक्त परवान्याचा असावा, म्हणजे त्याची प्रत पेनड्राइव्हवर विद्यार्थ्यांना निर्धास्तपणे देता येईल, आणि तो घरच्या विंडोजवरही चालावा, असे मला वाटते.

आणखी एक अपेक्षा आहे, जी सर्वांना महत्त्वाची वाटणार नाही, पण मला वाटते. जुन्नर, भोर, मुळशी, दौंड या भागांतून आलेली आमची बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी त्यातील विचार मराठी टिप्पण्यांत मांडायला मी त्यांना सांगते, आणि त्याचा उपयोग होताना मी पाहिला आहे. काही एडिटरांत मात्र जोडाक्षरे तुटतात आणि कर्सर भलत्याच ठिकाणी दिसतो.

अशा परिस्थितीत ग्राफिकल एडिटर ठेवावा, की सुरुवातीपासूनच व्हिम किंवा ईमॅक्स यांसारखा मुख्यतः कळांनी चालवायचा एडिटर शिकवावा? व्हीएस कोडच्याच खुल्या कोडपासून बनवलेला व्हीएसकोडियम हा पर्याय कितपत योग्य ठरेल?

उत्तर १ : सी++ प्रोग्रामर, हिंजवडी

मॅडम, आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे. एडिटर आणि कंपायलर वेगळे आहेत हे मुलांना दिसले नाही, ही आपली मूळ अडचण असेल, तर ज्या एडिटरमध्ये त्या दोहोंमधला सांधा उघडा दिसतो तो निवडावा, आणि बाकीच्या सोयी त्यानंतर पाहाव्यात. या कसोटीवर पहिल्या सेमिस्टरसाठी मी जीनी सुचवेन.

जीनी २००५ पासून उपलब्ध आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, विंडोजवर चालतो, आणि आपल्या ४ जीबीच्या यंत्रावर तो चालू आहे हे जाणवणारही नाही. पण त्याची शिफारस मी हलकेपणासाठी करत नाही. त्याच्या बिल्ड मेनूमध्ये कंपाइल आणि बिल्ड या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, एफ८ आणि एफ९ या कळांवर, आणि एफ५ ने तयार झालेला प्रोग्राम चालतो. त्याच मेनूत बिल्डच्या आज्ञा ठरवण्याची एक चौकट आहे. ती उघडली की कोणत्या कळेमागे जीसीसीची नेमकी कोणती ओळ चालते, हे विद्यार्थ्याला अक्षरशः वाचता येते आणि बदलताही येते. तीच ओळ टर्मिनलमध्ये टंकून तोच परिणाम मिळतो, हे पहिल्याच प्रॅक्टिकलला दाखवावे.

यावर एक छोटा प्रयोग करून घेता येईल. वापरकर्त्याकडून संख्या घेऊन तिचे वर्गमूळ काढणारा प्रोग्राम मुलांना लिहू द्यावा, त्यात मॅथ हेडर फाइल घेतलेली असावी. एफ८ दाबल्यावर कोणतीही तक्रार येणार नाही. एफ९ दाबल्यावर मात्र वर्गमूळाच्या फंक्शनचा पत्ता सापडत नाही, अशी चूक येईल. हेडर फाइलमुळे कंपायलरला फंक्शनचे स्वरूप कळले होते, पण त्याचा प्रत्यक्ष कोड गणिताच्या लायब्ररीत आहे आणि ती जोडायला लिंकरला, म्हणजे सर्व भाग जोडून प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाला, कोणी सांगितलेलेच नाही. मग बिल्डच्या ओळीच्या शेवटी लायब्ररी जोडणारा तो छोटा पर्याय मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावा. संख्या कोडमध्येच थेट लिहून ठेवू नये, कारण मग कंपायलर उत्तर आधीच काढून मोकळा होतो आणि ही चूक दिसतच नाही. कंपाइल आणि लिंक यांतील फरक फळ्यावरच्या आकृतीपेक्षा या दोन कळांनी लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे नव्याने नोकरीला लागणाऱ्या पदवीधरांनाही लिंकरची चूक वाचता येत नाही, म्हणून हा मुद्दा मी इतका लावून धरतो आहे.

जीनीच्या मूळ आज्ञेत सर्व महत्त्वाच्या सूचना दाखवण्याचा जीसीसीचा पर्याय आधीच चालू असतो, हेही उपयोगाचे आहे. स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरणे, तुलनेच्या जागी एकच बरोबर-चिन्ह लिहिणे, मेनचा परतावा व्हॉइड ठेवणे, या नवशिक्यांच्या नेहमीच्या चुकांवर कंपायलर स्वतःच बोट ठेवतो, आणि खालच्या पट्टीतील सूचनेवर क्लिक केले की कर्सर त्या ओळीवर जातो.

दुसऱ्या वर्षी, जेव्हा प्रोग्राम अनेक फाइल्सचे होतात, तेव्हा केटकडे वळावे. केडीई प्रकल्पाचा हा एडिटर एलजीपीएल परवान्याखाली आहे, विंडोजवरही मिळतो, आणि त्याच्या खालच्या भागात टर्मिनल उघडता येते. त्यात लँग्वेज सर्व्हरशी बोलण्याची सोय अंगभूत आहे. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ मध्ये जाहीर झाला. त्यापूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेची समज स्वतंत्रपणे शिकवावी लागे. आता सी आणि सी++ ची समज क्लँगडी या वेगळ्या प्रोग्राममध्ये असते आणि कोणताही एडिटर त्याला प्रश्न विचारू शकतो : हे फंक्शन कुठे लिहिले आहे, या चलाचा प्रकार काय, येथे कोणती नावे चालतील. म्हणजे "हुशार" एडिटरची हुशारीही त्याच्या बाहेर असते, आणि हा दुसरा सांधा मुलांना तेव्हा दाखवता येईल. लहान प्रॅक्टिकल्ससाठी त्या फोल्डरमध्ये कंपाइल फ्लॅग्ज नावाची साधी फाइल ठेवून तिच्यात एकेका ओळीवर एकेक पर्याय लिहिला, तरी क्लँगडीला तेवढे पुरते. एक्सएफसीईवर केट बसवताना क्यूटी आणि केडीईची बरीच पॅकेजे सोबत येतील, तेवढी डिस्कवर जागा पाहून ठेवावी.

उत्तर २ : सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, हडपसर

वरील उत्तरातील सांध्याचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, पण मॅडम, व्हिमला दुसऱ्या वर्षापर्यंत तरी दूर ठेवू नये अशी माझी विनंती आहे. डिप्लोमा झालेल्या मुलांपैकी अनेकांची पहिली नोकरी सर्व्हर सांभाळण्याची असते. तेथे एसएसएचने दूरच्या यंत्राशी जोडणी केल्यावर समोर फक्त टर्मिनल असते, माउस नसतो, आणि नवे काही बसवण्याचा अधिकारही बहुधा नसतो. अशा ठिकाणी व्हीआय हा व्हिमचा पूर्वज असतोच, कारण तो पोसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात नोंदलेला आहे, आणि बिझीबॉक्ससारख्या अगदी छोट्या संचातही त्याची लहान आवृत्ती असते. काही ठिकाणी नॅनो हा सोपा एडिटर मिळतो आणि तो शिकायला पाच मिनिटे पुरतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

व्हिम अवघड वाटतो तो त्याच्या अवस्थांमुळे. लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी, हे बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व्हीआयपासून चालत आले आहे. त्यांच्यासमोरच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून कर्सर आजही त्या कळांनी हलतो. एवढी पार्श्वभूमी सांगितली की मुलांचा अर्धा विरोध मावळतो. उरलेले काम व्हिमच्या आज्ञांची रचना करते. डी म्हणजे पुसा, सी म्हणजे बदला, वाय म्हणजे उचला. डब्ल्यू म्हणजे शब्द, एपी म्हणजे परिच्छेद. कोणतेही क्रियापद कोणत्याही कर्मापुढे लावता येते, आणि पूर्णविरामाच्या कळेने शेवटचा बदल पुन्हा करता येतो. पाठांतराची यादी लांब नसते. पाच-सहा क्रिया आणि तितकीच कर्मे एकमेकांशी जोडायची असतात. व्हिमसोबत येणारा व्हिमट्यूटर हा सुमारे अर्ध्या तासाचा पाठ प्रत्येक बॅचकडून एका प्रॅक्टिकलमध्ये पुरा होऊ शकतो. तो वाचायचा नसून करायचा असतो, हे मात्र त्यांना आधी सांगावे.

आपल्या मूळ अडचणीच्या दृष्टीनेही व्हिम सोयीचा आहे. त्याच्या आतून मेक (कंपाइलच्या आज्ञा क्रमाने चालवणारे साधन) चालवले की कंपायलरच्या चुका क्विकफिक्सच्या यादीत येतात आणि एकेका आज्ञेने पुढच्या चुकीवर जाता येते. कंपायलर बाहेरचा आहे हे तेथे लपतच नाही.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणूनही व्हिमची हकीकत मुलांना सांगण्यासारखी आहे. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी तो प्रसिद्ध केला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला. वापरणाऱ्यांना त्यांनी एवढेच आवाहन केले की, शक्य असल्यास युगांडातील किबाले येथील मुलांसाठी देणगी द्यावी. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. इतरांनी काम हाती घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना अर्पण केलेली ९.१ ही आवृत्ती आली. निओव्हिम ही २०१४ मध्ये निघालेली शाखाही जोमाने वाढते आहे, पण सर्व्हरवर सापडतो तो व्हीआय किंवा व्हिम, म्हणून शिकवताना तेथूनच सुरुवात करावी.

मराठी टिप्पण्यांच्या बाबतीत मात्र मी व्हिमची शिफारस करणार नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट देतो, आणि आपली जोडाक्षरे त्या चौकटीत बसत नाहीत.

प्रश्नकर्त्या

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. वर्गमूळाचा प्रयोग मी पहिल्याच महिन्यात घेणार आहे. व्हिमसाठी नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलमधील एक तास काढता येईल असे दिसते. तेथे सर्व्हरवर जोडणी करायचीच असते, त्यामुळे मुलांना त्याची गरजही तेथेच जाणवेल.

जोडाक्षरांविषयी कोणी अधिक सांगू शकेल का? मुलांनी मराठीत लिहिलेल्या टिप्पण्यांत एखादा शब्द शोधला, तर तो डोळ्यांसमोर असूनही एडिटरला सापडत नाही, असेही वारंवार घडते. हा दोष एडिटरचा समजावा का?

उत्तर ३ : निवृत्त प्राध्यापक, कोथरूड

आपण म्हणता तो दोष एडिटरचा नाही, आणि तो प्रश्न मुलांसमोर उलगडला तर युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या मानकाचा, एक उत्तम पाठ त्यातून तयार होतो. मराठीतील "दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातील ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, त्यापुढे हलन्त आणि य असतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, फाइलमध्ये मात्र वेगळे असतात, आणि शोध घेणारा प्रोग्राम फाइलमधील संकेत पाहतो. "ॲ" या अक्षराचेही असेच आहे. ते २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आले. त्याआधीपासून अनेक जण अ वर चंद्र देऊन ते लिहीत आले आहेत आणि आजही लिहितात. एका विद्यार्थ्याने फोनवर टंकलेली टिप्पणी आणि दुसऱ्याने प्रयोगशाळेत टंकलेली टिप्पणी यांत हा फरक सहज पडतो. उपाय एकच : सर्वांनी एकाच कळफलकाने लिहावे. इन्स्क्रिप्ट हा आराखडा १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे, डेबियनमध्ये आणि विंडोजमध्ये तो तयार मिळतो, आणि त्यात जे या कळेवर र तर शिफ्टसह जे वर ऱ आहे. आपल्या पुण्यातच सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे, हेही मुलांना अवश्य सांगावे.

आता ईमॅक्सविषयी. देवनागरीसह प्रोग्रामिंग करायचे असेल, तर माझ्या मते त्याच्याइतके विचारपूर्वक बांधलेले दुसरे साधन नाही. २०२० मध्ये आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून तो ग्राफिकल खिडकीत अक्षरांची जुळणी हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतो, त्यामुळे जोडाक्षरे जशी हवीत तशी दिसतात. दुसरी सोय त्याहून महत्त्वाची आहे. यंत्रणेचा कळफलक मराठी केला की बहुतेक एडिटरांच्या इंग्रजी कळांवरच्या आज्ञा अडखळतात. व्हिममध्ये तर आज्ञेच्या अवस्थेत देवनागरी अक्षरे जाऊन सगळेच थांबते. ईमॅक्समध्ये इन्स्क्रिप्ट त्याच्या स्वतःच्या आत आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी सुरू होते, पुन्हा दाबली की बंद होते, आणि आज्ञा सदैव इंग्रजी कळांवरच राहतात. टिप्पणी मराठीत आणि कोड इंग्रजीत लिहिणाऱ्याला याचे मोल लगेच कळते.

कर्सर एखाद्या अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबर-चिन्ह दाबले, तर ईमॅक्स त्या अक्षराचा संकेत, त्याचे नाव, फाइलमधील त्याचे बाइट्स आणि ते कोणत्या अक्षरांशी जुळले आहे, हे सर्व सांगतो. "क्षि" वर हे करून दाखवावे. डोळ्यांना एक अक्षर दिसते. आत क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार असे चार संकेत आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे १२ बाइट्स होतात. मग सी भाषेतील स्ट्रिंगची लांबी मोजणारे फंक्शन १२ का सांगते आणि पायथन ४ का सांगतो, हे वेगळे समजवावे लागत नाही. ज्या मुलांना इंग्रजीतल्या उदाहरणांनी बाइट आणि अक्षर यांतला फरक कधी दिसलाच नसता, कारण तेथे दोन्हींची संख्या सारखीच येते, त्यांना तो स्वतःच्या भाषेत आधी दिसतो. मराठी माध्यमातून येणे ही येथे अडचण राहत नाही, उलट ती मुले एक पाऊल पुढे असतात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू ईमॅक्स १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अभ्यासाचे आणि बदलाचे स्वातंत्र्य असते असे आपण शिकवतो. ईमॅक्समध्ये कोणतीही कळ काय करते असे विचारले, तर तो वर्णन देतो आणि बहुतेक वेळा त्या वर्णनातूनच मूळ कोडकडे नेतो. ते स्वातंत्र्य वापरून पाहण्याची जागा म्हणून एका तरी यंत्रावर तो असावा. २९ व्या आवृत्तीपासून लँग्वेज सर्व्हरशी बोलणारा एग्लॉट त्यात अंगभूत आहे. एकेकाळी ईमॅक्स जड म्हणून ओळखला जाई, पण आपल्या ४ जीबीच्या यंत्रांवर त्याची काळजी करण्याचे कारण नाही. तरीही सर्व वर्गासाठी पहिला एडिटर म्हणून मी तो सुचवणार नाही, कारण त्याच्या कळा आणि मुलांना सवयीच्या कळा यांत फार अंतर आहे. कॉपी आणि पेस्टपासूनच गोंधळ सुरू होतो. जीनी योग्य आहे. तोही मजकूर पँगो या लायब्ररीमार्फत रेखाटतो, त्यामुळे जोडाक्षरे जुळलेली दिसतील. फक्त लोहित किंवा नोटो यांपैकी एक देवनागरी फाँट सर्व यंत्रांवर बसवावा, आणि मराठी टिप्पणी कोडच्या शेजारी न लिहिता तिच्यासाठी वेगळी ओळ वापरण्याची शिस्त ठेवावी. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने शेजारच्या टिप्पण्या एका रेषेत कधीच येत नाहीत.

उत्तर ४ : मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्ता, सदाशिव पेठ

व्हीएसकोडियमचा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, परंतु मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेला तयार प्रोग्राम वेगळ्या, मालकी परवान्याखाली येतो आणि वापराची माहिती पाठवणारी यंत्रणा त्यात मुळातच चालू असते. व्हीएसकोडियम तोच खुला कोड घेऊन, ती यंत्रणा बंद ठेवून, एमआयटी परवान्याखाली तयार प्रोग्राम देतो. त्यामुळे मॅडम, पेनड्राइव्हवर प्रत देण्याचा आपला हेतू त्याने पूर्ण होतो. विंडोजची झिप फाइल उलगडून तिच्यात डेटा नावाचे फोल्डर ठेवले, तर सर्व मांडणी आणि एक्स्टेन्शन्स त्या फोल्डरमध्येच राहतात आणि घरच्या संगणकावर काही बसवावे लागत नाही.

रॅमची अडचण मात्र त्याने सुटणार नाही. दोन्ही इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमियम ब्राउझरच्या गाभ्यावर, उभे आहेत आणि दोघांचे वजन सारखेच आहे. म्हणून तो प्रयोगशाळेत ठेवू नये. ज्यांना घरी व्हीएस कोडच हवा आहे, त्यांना त्याऐवजी द्यावा.

एक्स्टेन्शन्सच्या बाबतीत आधीच सावध राहावे. मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसमधील एक्स्टेन्शन्स तेथील अटींनुसार केवळ त्यांच्या स्वतःच्या उत्पादनांत वापरता येतात, म्हणून व्हीएसकोडियम एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या भांडारातून एक्स्टेन्शन्स घेतो. मायक्रोसॉफ्टचे सी आणि सी++ चे एक्स्टेन्शन, तसेच पायथनसाठीचे पायलान्स, यांचे परवाने इतर एडिटरांत वापरायला मनाई करतात. मुले व्हिडिओ पाहून नेमकी तीच शोधतील आणि सापडली नाहीत की साधनच अपुरे आहे असे समजतील. सी साठी क्लँगडीचे एक्स्टेन्शन आणि डीबगिंगसाठी कोडएलएलडीबी, पायथनच्या प्रकार-तपासणीसाठी पायराइटवर आधारित एक्स्टेन्शन, हे मुक्त परवान्याचे पर्याय ओपन व्हीएसएक्सवर आहेत. त्यांची नावे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून द्यावीत.

परवान्याचा हा आग्रह काहींना तात्त्विक वाटतो. ॲटम या एडिटरचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवावे. गिटहबने त्याचे काम १५ डिसेंबर २०२२ रोजी थांबवले, पण कोड एमआयटी परवान्याखाली असल्याने वापरणाऱ्यांनीच पल्सार या नावाने तो पुढे चालू ठेवला. कंपनीने हात काढून घेतल्यावरही साधन वापरणाऱ्यांच्या हातात राहते, ते परवान्यामुळे. टर्बो सी++ च्या बाबतीत तसे काही घडू शकले नाही आणि आपली महाविद्यालये एका गोठलेल्या कंपायलरशी इतकी वर्षे बांधलेली राहिली.

परीक्षेसाठी इंटरनेट बंद असताना काय करावे, याचेही उत्तर सोपे आहे. जीनी, केट, क्लँगडी, व्हिम आणि ईमॅक्स हे सर्व डेबियनच्या भांडारात आहेत. प्रयोगशाळेतील एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवले, की एकदा उतरवलेले पॅकेज बाकीच्या यंत्रांना तेथूनच मिळते. व्हीएसकोडियमची एक्स्टेन्शन्स व्हीएसआयएक्स फाइल म्हणून उतरवून ठेवता येतात आणि जोडणीशिवाय बसवता येतात. क्लँगडीचे एक्स्टेन्शन मूळ सर्व्हर स्वतः उतरवू पाहते, म्हणून विंडोजसाठी क्लँगडीची फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी आणि एक्स्टेन्शनच्या मांडणीत तिचा पत्ता भरून द्यावा.